गढूळ तलावात लोक हौसेने बुडी का मारतात?

सुट्टीत मालवणला जाऊन आलेल्या जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी घरांतल्या मोबाइलमध्ये हल्ली एक व्हिडिओ असतो. निळसर पाणी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच आणि आजूबाजूला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांची झुंबड. त्याच मोबाइलवर दुसऱ्या देशांतले व्हिडिओही येऊन पडतात. त्यांत जाड काळा सूट घातलेली माणसं हिरवट-तपकिरी तलावात उतरतात, दोन हातांपुढचं काही दिसत नाही, आणि तरी पाऊण तासाने वर आल्यावर ती भलतीच खुश असतात. चाळीसगावच्या ओळखीच्या एका नानांनी असाच एक व्हिडिओ दाखवून मला विचारलं, "त्या गढूय पानीमा काय दिसस रे भाऊ?"

नानांचा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे गढूळ पाण्यात खोल उतरणारा माणूस म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो धरणात बुडालेल्याचा शोध घेणारा पाणबुड्या. हौस म्हणून कुणी तिथे जाईल हे पटत नाही. मला मात्र मनापासून वाटतं की गढूळ पाण्यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. ते हातभर अंतरावर असतं एवढंच. आणि पाण्याखाली वावरायची विद्या निळ्या समुद्रापेक्षा हा हिरवा तलाव जास्त पक्की करून घेतो. तरीही उद्या उठून कुणी हतनूर किंवा गिरणा धरणात सिलिंडर बांधून उतरावं, असं मी म्हणणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते समजण्यासाठी थोडं मुळापासून सुरू करू.

स्कूबा म्हणजे नेमकं काय

पाण्याखाली श्वास घेण्याची सगळी व्यवस्था स्वतःच्या अंगावर घेऊन उतरणं म्हणजे स्कूबा. पाठीवर सिलिंडर, तोंडात रेग्युलेटर, अंगात हवा भरता-सोडता येणारं जॅकेट, पायांत फिन, कमरेला शिशाची वजनं. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. त्यात आपण एरवी घेतो तीच हवा असते, गाळून, कोरडी करून, वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने भरलेली. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये अशी साधारण २४०० लिटर हवा मावते. रेग्युलेटरचं काम म्हणजे बाहेरच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा, माणसाने श्वास ओढला की आणि ओढला तरच, तोंडात देणं. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी हे यंत्र बनवलं आणि तिथून हौशी माणसाला समुद्राचं दार उघडलं.

दाबाचा हिशेब सोपा आहे. खाली दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. १० मीटरवर दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. दाब तिप्पट म्हणजे एका श्वासात हवाही तिप्पट खर्च होते. वर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला ते सिलिंडर दोन तास पुरेल. २० मीटरवर तेच ४० मिनिटांत संपेल, आणि त्यातूनही वर येण्यापुरती हवा राखून ठेवायची असते. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते, म्हणून श्वास रोखून धरायचा नाही हा पहिला आणि सगळ्यांत मोठा नियम. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात जास्त विरघळतो. घाईने वर आलं तर त्याचे बुडबुडे शरीरातच होतात. म्हणून मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

हे सगळं समुद्रात आणि तलावात सारखंच. फरक पडतो तो वजनात. समुद्राचं पाणी खारट असल्यामुळे जड, एका घनमीटरला सुमारे १०२५ किलो. गोडं पाणी १००० किलो. जड पाणी माणसाला जास्त उचलून धरतं. माणूस आणि सामान मिळून १०० किलोंच्या घरात असेल, तर मालवणला लागणाऱ्या शिशापेक्षा तलावात अडीच किलो कमी बांधावं लागतं. हा बदल करायला विसरलेला माणूस तलावात थेट तळाच्या गाळात जाऊन बसतो, आणि पुढचं अर्धं रामायण तिथूनच सुरू होतं.

पाणी गढूळ का राहतं

तापीला हतनूरच्या थोडं वर पूर्णा मिळते. पूर्णा येते ती विदर्भातल्या काळ्या जमिनीतून, आणि पावसाळ्यात ती जमीन सोबत घेऊनच येते. काळ्या मातीत चिकणमातीचा अंश मोठा. तिचा कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून बारीक. दोन मायक्रॉनचा कण अगदी स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला तीन दिवसांहून जास्त घेतो. कण निम्म्या आकाराचा असेल तर वेळ चौपट लागतो. हा हिशेब वारा, लाटा, गुरं, होड्या काहीच नसताना. खऱ्या धरणात यांतलं सगळं असतं, त्यामुळे कण पुन्हा पुन्हा वर ढवळला जातो.

मग समुद्रात एवढ्या नद्या माती ओततात, तिथलं पाणी किनाऱ्यापासून आत गेल्यावर स्वच्छ कसं होतं? चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून ते सुटे सुटे तरंगत राहतात. समुद्राच्या क्षारांमुळे हा भार निष्प्रभ होतो, कण एकमेकांना चिकटतात, गोळा जड होतो आणि खाली बसतो. आपल्या आज्या पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवायच्या तेव्हा हीच गोष्ट घडत होती. गोड्या पाण्याच्या तलावात तुरटी फिरवणारं कुणी नाही, म्हणून महिनोन्महिने ते डहुळलेलं राहतं.

मातीखेरीज आणखी दोन कारणं आहेत. एक, शेवाळ: उबदार पाण्यात, शेतातून वाहून आलेल्या खतावर सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढतात आणि पाणी हिरवं करतात. दुसरं, कुजलेल्या पानांचा विरघळलेला अर्क, जो पाण्याला पिवळट छटा देतो.

पाणी किती गढूळ आहे हे मोजण्याची एक साधी रीत १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने रूढ केली. पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली टिपून ठेवायची. तलावांसाठी आज २० सेंटिमीटरची, काळ्या-पांढऱ्या पाव भागांची तबकडी वापरतात. शाळेतल्या मुलांनाही हे काठावरून, होडीत बसून करता येतं. एकाच तलावात ऑगस्ट, डिसेंबर आणि मे अशी तीन महिन्यांत मापं घेतली तर पुस्तकातलं अर्ध भूगोलशास्त्र मुलांच्या हाती येईल.

डाइव्हर मात्र आडवं अंतर मोजतात: समोरचा सोबती किती लांबून ओळखू येतो. त्याला ते व्हिजिबिलिटी म्हणतात. युरोपातल्या कितीतरी तलावांत ती दोन-चार मीटर असली तरी कुणी कुरकुर करत नाही.

हिरवं जग आणि टॉर्चचा उजेड

पाणी प्रकाशातला लाल रंग सगळ्यांत आधी गिळतं. स्वच्छ समुद्रात निळा रंग खोलवर पोचतो, म्हणून तिथे सगळं निळं. तलावात शेवाळ आणि तो पिवळट अर्क निळा रंगही खातात. उरतो हिरवा, आणि आणखी खाली गेलं की तपकिरी. आपलं बोट कापलं तर रक्तसुद्धा खाली काळपट हिरवं दिसेल. टॉर्च लावला की मात्र हातभर वर्तुळात सगळे रंग परत येतात.

टॉर्चही कसा लावायचा हे शिकावं लागतं. पावसाळी धुक्यात कन्नडचा घाट चढताना गाडीचा अप्पर लाइट लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, आणि डिपर केलं की रस्ता दिसतो, इथेही तेच. तरंगणाऱ्या कणांवरून उजेड उलटा डोळ्यांत येतो. म्हणून अरुंद झोताचा टॉर्च घेतात आणि तो डोळ्यांपासून लांब, बाजूने धरतात.

हातभर अंतरावर काय काय असतं

आता नानांच्या प्रश्नाकडे येऊ. गोड्या पाण्यातला डाइव्हर लांबचं पाहायला जातच नाही. तो बुडालेल्या बाभळीच्या एका फांदीसमोर दहा मिनिटं तरंगत राहतो.

त्या फांदीवर हिरवट, खडबडीत खपली दिसली तर ती शेवाळाची असेलच असं नाही, तो स्पंज असू शकतो. स्पंज हा प्राणी आहे आणि तो गोड्या पाण्यातही राहतो, हे आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. मुंबईच्या तलावांतल्या अशा स्पंजांवर हेन्री कार्टर या डॉक्टराने १८४० च्या दशकातच अभ्यास केला होता. या प्राण्याची हिकमत मोठी आहे. पाणी आटायला लागलं की तो टणक कवचाच्या बारीक गोळ्या मागे ठेवतो आणि स्वतः मरतो. फांदी उन्हात कोरडी पडते, गोळ्या तग धरतात, धरण पुन्हा भरलं की त्यांतून नवा स्पंज उगवतो. दरवर्षी उन्हाळ्यात काठ मागे सरकणाऱ्या आपल्या जलाशयांना साजेसा हा जीव आहे.

गाळात अर्धा रुतलेला शिंपला दोन फटी उघड्या ठेवून पाणी आत ओढतो, गाळतो, बाहेर टाकतो. तुमची सावली पडली की फटी मिटतात. हलायचं नाही, श्वास हळू ठेवायचा. मग त्या परत उघडतात. झिंग्यांचे डोळे टॉर्चच्या उजेडात चमकतात. शिंगाळ्यासारखे मिशाळ मासे अंधारात मिशांनी तळ चाचपत येतात, कारण मिशांवर त्यांची चव ओळखणारी इंद्रियं असतात. काठाजवळच्या पाणवनस्पतीत लालसर पिल्लांचा झुबका दिसला तर तिथे मरळ आहे असं समजायचं. हा मासा पिल्लांची राखण करतो आणि जवळ येणाऱ्यावर धावून जातो. बाजारात मरळ अनेकांनी घेतलेली असते, तिला पोरं सांभाळताना पाहिलेले थोडे.

गोड्या पाण्यात जेलीफिशही असतात. सह्याद्रीतल्या नदीत अशी एक जात शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडली. तोवर या गटातल्या जेलीफिश फक्त आफ्रिकेत असतात अशी समजूत होती. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था ती त्यांच्याच नावाची. पाण्यात उतरून नीट बघणारे वाढले तर अशा आणखी नोंदी होतील, असं मला ठामपणे वाटतं.

आणखी एक गोष्ट खोल तलावात अनुभवता येते. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या थंड, जड पाण्यावर वेगळा थर धरून राहतं. मधल्या सीमेला थर्मोक्लाइन म्हणतात. ती ओलांडताना गालांना गारवा एकदम झोंबतो, आणि बऱ्याचदा शेवाळाचा थर वरच राहिल्याने खाली पाणी अंधारं पण नितळ निघतं.

न दिसण्यात काय शिकायला मिळतं

निळ्या पाण्यात चुका झाकल्या जातात. हातपाय मारले तरी चालतं, सोबती लांब गेला तरी दिसतो, वर-खाली कुठे आहोत ते नजरेला कळतं. गढूळ तलावात फिनचा एक फटका तळाला लागला की गाळाचा लोट उठतो, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. चूक तिथल्या तिथे कळते.

त्यामुळे तलावात शिकलेल्या डाइव्हरची बॉयन्सी, म्हणजे वरही नाही खालीही नाही असं अधांतरी थांबण्याची हातोटी, फार पक्की होते. ही हातोटी मुख्यतः श्वासाने साधते: छाती भरली की शरीर थोडं वर येतं, रिकामी झाली की खाली. पाय वरखाली न मारता बेडकासारखे बाजूला मारायचे, म्हणजे तळ ढवळला जात नाही. दिशा होकायंत्रावर ठेवायची. सोबत्याला खुणा दिसत नसतील तर दंड दाबून सांगायच्या. कोणत्या दाबण्याचा काय अर्थ ते काठावरच ठरवून घ्यायचं. सोबती दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं, नाही सापडला तर दोघांनीही नियमानुसार वर यायचं. आवाजावर भरवसा ठेवता येत नाही. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून वेगाने येतो, त्यामुळे तो कोणत्या बाजूने आला हे आपल्या कानांना सांगता येत नाही. सोबती सिलिंडरवर ठोकतो, ते स्पष्ट ऐकू येतं, आणि तरी तो डावीकडे की उजवीकडे हे कळत नाही.

मी शिकलो मालवणला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथलंही पाणी पावसाने ढवळलेलं असतं. तशा एका दिवशी प्रशिक्षकाच्या पायातल्या फिनपलीकडे काही दिसत नव्हतं. सुरुवातीची मिनिटं छातीत धडधड होती. मग नजर आपोआप जवळ आली: हवा किती उरली ते दाखवणाऱ्या गेजचा काटा, दोरीवरच्या शिंपल्या, दोरीच्या पिळात दडून बसलेला नखाएवढा खेकडा आणि त्याचं एकसारखं तोंडाकडे काहीतरी नेणं. एरवी मी त्याच्यावरून सरळ पुढे गेलो असतो. या खेळातली ओढ ज्याला लागते त्याला ती इथे लागते. मन दुसरीकडे भटकायला जागाच उरत नाही.

"पण स्वच्छ पाणी असताना हे कशाला?"

पहिलं उत्तर अगदी व्यवहाराचं. स्वच्छ समुद्र जवळ नसतो. इंग्लंडच्या मध्यभागी लेस्टरशायरमध्ये स्टोनी कोव्ह नावाची ग्रॅनाइटची जुनी खाण आहे. खोदकाम थांबल्यावर ती पाण्याने भरली, आणि आज ती त्या देशातल्या सगळ्यांत गजबजलेल्या डाइव्हिंगच्या जागांपैकी एक आहे. तिथे वेगवेगळ्या खोलीचे टप्पे आहेत, सर्वांत खोल सुमारे ३५ मीटर. मुद्दाम बुडवलेली एक जुनी बोट आहे, काठावर हवा भरायची सोय आहे, आणि मदतीला प्रशिक्षित माणसं आहेत. लोक शनिवारी सकाळी येतात, दोन डाइव्ह करतात, चहा पिऊन घरी जातात. भुसावळपासून मालवण सहाशे किलोमीटरच्या वर आहे हे ध्यानात घेतलं की यातली सोय आपल्याला चटकन समजते.

दुसरं, पाणी नितळ असलं म्हणजे तलाव निरोगी असतोच असं नाही. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या महासरोवरांत १९८० च्या दशकाच्या शेवटी झेब्रा शिंपला नावाचा परका जीव जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर आला. या शिंपल्यांनी पाणी इतकं गाळलं की डाइव्हरांना कितीतरी लांबचं दिसू लागलं. पण गाळलं गेलं ते माशांच्या पिल्लांचं अन्न, आणि तिथली अन्नसाखळी विस्कटली. ज्या बुडालेल्या जहाजांसाठी डाइव्हर येतात, त्यांच्यावरही शिंपल्यांचे थर चढले. ती लाकडी जहाजं शंभर-दीडशे वर्षं टिकली, कारण थंड गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारा समुद्री जीव जगत नाही.

"धोका नाही का?"

आहे, आणि तो समुद्रापेक्षा वेगळ्या जातीचा आहे. आपल्या धरणांपुरतं बोलायचं तर सगळ्यांत भयंकर गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही: दाबातला फरक. धरणाच्या भिंतीला एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा असते. १० मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचा भार असतो. म्हणजे हातभरही नाही अशा, ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या उघड्या भोकावर हात किंवा पाठ गेली, तर ९०० किलोंचा जोर माणसाला तिथेच दाबून धरतो. कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी तो सुटत नाही. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, आणि पुराच्या दिवसांत ते कधी किती उघडतील हे वरच्या पावसावर ठरतं. दरवाजे, कालव्याची तोंडं, पाणी उचलणाऱ्या विहिरी यांच्या आसपासही कुणी फिरकू नये.

दुसरा धोका जाळ्यांचा. मच्छीमार थर्माकोलच्या तराफ्यांवरून नायलॉनची बारीक जाळी लावतात. माशाला दिसू नयेत अशीच ती बनवलेली असतात, मग हिरव्या पाण्यात माणसाला कुठून दिसणार? तुटून तळाशी राहिलेली जाळीही पुष्कळ. डाइव्हरकडे जाळं कापायची दोन हत्यारं हवीतच, दोन्ही हातांना पोचतील अशी. त्यानंतर बुडालेल्या बाभळी, तारेची कुंपणं आणि कठडा नसलेल्या विहिरी. रावेर-यावलकडे केळीसाठी नदीतून, धरणाच्या फुगवट्यातून पाणी उचलतात; त्या मोटारींच्या विजेच्या वायरी पाण्यापर्यंत आलेल्या असतात.

तब्येतीच्या बाजूने पाहिलं तर गावचं सांडपाणी मिसळणाऱ्या पाण्यात उतरूच नये. कान सुजणं ही त्यातली किरकोळ गोष्ट. लेप्टोचे जंतू जखमेतून आत शिरतात, आणि हिरव्या-निळ्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात. पाण्यावर हिरव्या रंगाची साय दिसली की मागे फिरावं.

खाणींबद्दल वेगळं सांगायला हवं. खान्देशात जागोजागी खडीसाठी खणलेल्या खाणी पाण्याने भरून पडल्या आहेत. स्टोनी कोव्हचं ऐकून त्यांत उतरायचा विचार कुणी करू नये. त्यांचे कडे सरळ उभे असतात, पाय टेकायला टप्पा नसतो, वरचे दगड सुटे असतात आणि बाहेर यायला वाट नसते. दरवर्षी पोहायला गेलेली पोरं अशाच ठिकाणी जीव गमावतात.

हतनूर, गिरणा, उकईमध्ये उतरता येईल का

सरळ उत्तर: आज नाही. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात, परवानगीशिवाय पाण्यात उतरता येत नाही. मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे असतात आणि त्यांच्या जाळ्यांमधून वाट काढत कुणी हौस भागवणं त्यांनी का चालवून घ्यावं? हतनूरच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पावसाळ्यातला गाळ बसून पाणी त्यातल्या त्यात निवळतं ते हिवाळ्यात, आणि नेमक्या त्याच दिवसांत दूरदेशीचे पक्षी हजारोंनी तिथे उतरतात. पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या जागांमध्ये हतनूरची गणना होते. माझ्या मते तिथे पहिला मान पक्ष्यांचा. नर्मदेकडे गेलं तर तिथे मगरी आहेत, म्हणजे तो विषय तिथेच मिटला.

आणि एक गोष्ट अशी, जी मला नियमांहून मोठी वाटते. आपल्या बहुतेक जलाशयांच्या तळाशी गावं आहेत. सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली, त्यात मणिबेलीचं नाव सगळ्यांना माहीत आहे. गुजरातेतल्या उकई धरणाचा फुगवटा नवापूर-नंदुरबारकडे शिरला. परदेशात बुडालेल्या इमारती पाहायला डाइव्हर हौसेने जातात. आपल्याकडे त्या घरांत जन्मलेली माणसं अजून पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतात, काहींचे जमिनीचे प्रश्न सुटलेले नाहीत. त्यांच्या गावठाणाचं कुणी तिकीट लावू नये. कधी कुणाला खाली जाऊन नोंदी करायच्या असतील, तर पहिली परवानगी त्या माणसांची हवी.

शोधमोहिमेला दिवस का लागतात

गढूळ पाणी समजलं की हा प्रश्नही सुटतो. कुणी बुडालं की काठावरची गर्दी विचारते, एवढी यंत्रं आहेत, कॅमेरे सोडा की खाली! पण डोळ्याला जे दिसत नाही ते कॅमेऱ्यालाही दिसत नाही. तिथे काम येतो सोनार, कारण तो उजेडाऐवजी आवाजाने पाहतो, आणि चिकणमातीचे कण आवाज फारसा अडवत नाहीत. सोनारवर काही दिसलं तरी शेवटी माणसालाच उतरावं लागतं. तो दोरी ताणून, तिला धरून, गोल गोल फिरत हाताने तळ चाचपतो. थोडी दोरी सोडायची, पुन्हा फेरी. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळ्यात आहे. पण बोलावलेली तुकडी पोचेपर्यंत पाण्यात उतरलेले असतात ते गावातले भोई आणि कोळी बांधव, बहुतेक वेळा फक्त स्वतःच्या दमावर.

म्हणून कुणी मला विचारलं की खान्देशात या विद्येचं काय करता येईल, तर पर्यटन माझ्या यादीत खाली आहे. आधी या तरुणांना रीतसर प्रशिक्षण, सिलिंडर, दोरी, जाळं कापायची हत्यारं आणि विमा मिळावा. त्यासाठी सुरक्षित, लहान, दरवाजे नसलेला आणि सांडपाण्यापासून लांब असा एखादा तलाव सरावाला राखता येईल. तिथेच पुढे हौशी लोकही शिकतील. तोरणमाळचा यशवंत तलाव कुणी सुचवेल, पण तो हजार मीटरहून उंचावर आहे. ३०० मीटरच्या वर हवेचा दाब कमी असल्याने किती खोलीवर किती वेळ थांबायचं ते सांगणारे डाइव्हचे नेहमीचे तक्ते तसेच वापरता येत नाहीत, उंचीप्रमाणे बदलावे लागतात. तापीकाठचा बराचसा भाग समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटरवर आहे, तिथे ही भानगड नाही.

ज्याला खरंच शिकायचं आहे त्याने

मालवणला पर्यटकांना दिली जाणारी बुडी म्हणजे चव. तिथे तुमची बॉयन्सी, दिशा, हवा सगळं प्रशिक्षक सांभाळतो, आणि ती करून कुणी डाइव्हर होत नाही. त्यासाठी काही दिवसांचा कोर्स लागतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. पहिल्या प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. हौशी डाइव्हिंगची शेवटची हद्द ४० मीटर. पोहता येणं हवं. कोर्सआधीच्या वैद्यकीय फॉर्ममध्ये दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन यांतलं काही लपवायचं नाही. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी उतरायचं नाही, कारण कानांतला दाब सारखा करता येत नाही आणि पडदा फाटू शकतो.

कोर्स झाल्यावर प्रशिक्षकाला आवर्जून सांगा की कमी दिसणाऱ्या पाण्यातला सरावही हवा आहे: दोरी धरून जाणं, होकायंत्रावर परत येणं, मास्क झाकून सोबत्याची पर्यायी नळी शोधणं. स्वच्छ दिवसांची वाट पाहणाऱ्यांच्या गर्दीत असं मागणारा विद्यार्थी प्रशिक्षकाला आवडतो.

आणि परतीचा बेत आखताना घाट विसरू नका. पर्यटकाच्या उथळ, थोड्या वेळाच्या बुडीने फारसा फरक पडत नाही. पण कोर्समध्ये दिवसभरात दोन-तीन डाइव्ह १८ मीटरपर्यंत झाल्या असतील, तर शरीरात नायट्रोजन उरलेला असतो, आणि खान्देशाकडे यायचं म्हणजे आंबोली किंवा फोंडा घाट चढणं आलंच. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायला सांगतात. घाटाची उंची विमानाएवढी नसली तरी त्याच संध्याकाळी गाडी काढण्यापेक्षा मालवणातच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी निघावं.